पिकणे आणि टिकणे

बिघडण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत ते एकदा मोजून पाहावे. दूध नासते, भाजी विटते, पीठ आंबते, भाकरी बुरसते, धान्य किडते, लाकूड कुजते आणि फळ सडते. चांगल्या अर्थाने तयार होण्यासाठी मात्र आपण बहुतेक एकाच शब्दावर भागवतो. फळ पिकते, शेत पिकते आणि वय झाले की केसही पिकतात. पिकलेले फार काळ टिकत नाही हेही आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे पिकणे आणि टिकणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

ही समजूत फळापुरती राहिली असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपण ती माणसांनाही लावतो. माणसाने किंवा माणसांच्या एखाद्या जमातीने इतरांसाठी किती खुले व्हावे आणि स्वतःला किती राखावे, हा वाद आपल्या घरांत, मोहल्ल्यांत आणि संमेलनांच्या मांडवांत वर्षानुवर्षे चालू आहे. मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे, मुलींनी किती शिकावे आणि कुठवर जावे, शेजाऱ्याच्या सणात किती मिसळावे, आपल्या रीतिरिवाजांची चिकित्सा चारचौघांत करावी की घरातल्या घरात, या सगळ्या वादांच्या तळाशी तोच एक प्रश्न आहे. एक बाजू म्हणते, दारे उघडा, नाहीतर गुदमराल. दुसरी म्हणते, दारे उघडली की आपले असे काही उरणार नाही. भांडणाऱ्या या दोन बाजूंचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते. जेवढे राखावे तेवढे देणे कमी होते आणि जेवढे द्यावे तेवढे राखणे सुटते, असे दोघेही धरून चालतात.

हे एकमत कितपत खरे आहे ते पाहण्यासाठी आपण रानातल्या फळाकडे जाऊ. बागेतल्या फळाची काळजी माणूस घेतो. तो फवारणी करतो, राखण ठेवतो, आढी घालतो, शीतगृहात जागा घेतो. रानातल्या फळाला हे सगळे स्वतःच करावे लागते. खाणाऱ्याला बोलवायचे आणि सडवणाऱ्याला थोपवायचे, ही दोन्ही कामे त्याला एकाच सालीच्या आत उरकावी लागतात. कुरआनच्या सूरह अल-अनआममधील 99 व्या आयतीत फळ धरते तेव्हा आणि ते पिकते तेव्हा त्याकडे पाहायला सांगितले आहे. 'आयत' या शब्दाचा अर्थ कुरआनातील वाक्य असा आहे, तसाच खूण किंवा निशाणी असाही आहे. तेव्हा फळाकडे नीट पाहणे हा आपल्या वाचनाचाच भाग समजायला हरकत नाही.

आधी सडणे म्हणजे काय ते समजून घेऊ. फळ पडून राहिले की आपोआप सडते, असे आपण म्हणतो. डॅनियल जॅन्झन या अमेरिकन परिस्थितिकी शास्त्रज्ञाने 1977 साली एका निबंधात या 'आपोआप'वर बोट ठेवले. फळे का सडतात, बियांना बुरशी का येते आणि मांस का खराब होते, असा साधा प्रश्न त्याने विचारला. त्याचे उत्तर थोडक्यात असे: जिवाणूंना आणि बुरशीलाही फळातली साखर हवी असते. बुरशी पक्ष्याला हुसकावू शकत नाही, कोल्ह्याशी भांडू शकत नाही. पण ती त्या फळात आम्ल, मद्यार्क, दुर्गंध आणि विष तयार करते. मग पक्षी आणि कोल्हा तोंड फिरवतात आणि फळ तिच्या ताब्यात राहते. या दृष्टीने पाहिले तर सडलेले फळ वाया गेलेले नसते. ज्याच्यासाठी ते होते त्याच्या हातून ते काढून घेतलेले असते.

मग ते कोणासाठी होते? झाडाला पाय नाहीत. बी आईच्या बुंध्याशी पडून राहिले तर तिथे सावली तर असतेच, शिवाय त्या जातीच्या झाडावर पोसणारे किडे आणि रोगही त्याच जागी गोळा झालेले असतात. 1970 साली याच जॅन्झनने आणि 1971 साली जोसेफ कॉनेलने स्वतंत्रपणे मांडले की, आईच्या जवळ पडलेल्या बिया आणि रोपे अधिक मरतात, दूर गेलेली अधिक जगतात. म्हणून बीला घर सोडावे लागते. ते सोडवण्यासाठी झाड हमाल ठेवते आणि त्याची मजुरी म्हणून बीभोवती गर देते. बुलबुल, धनेश, वटवाघूळ, कांडेचोर, कोल्हा, अस्वल हे सगळे त्या मजुरीवर काम करणारे. बुरशी मजुरी घेते आणि ओझे उचलत नाही. पुष्कळदा ती ओझेच खाऊन टाकते.

आता अडचण दिसू लागते. बुरशीला मारील असे काही गरात भरावे, तर तेच पक्ष्याच्या जिभेला आणि पोटालाही बाधते. वांगे आणि रिंगणी ज्या कुळात येतात त्या कुळातील रानफळांवर मार्टिन सिपोलिनी आणि डग्लस लेव्ही यांनी काम केले आणि 1997 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. या फळांतली कडू द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, पण खाणाऱ्या प्राण्यांनाही दूर सारतात. त्यावरून त्यांनी एक विचार पुढे ठेवला. जे फळ पिकताच उचलले जाते त्याला फारशा संरक्षणाची गरज नसते. ज्याला गिऱ्हाइकाची दीर्घकाळ वाट पाहावी लागते त्याने मात्र स्वतःला राखलेच पाहिजे, मग त्यापायी गोडी थोडी कमी झाली तरी चालेल.

आपल्या सह्याद्रीत हा हिशेब उघड्या डोळ्यांनी दिसतो. जांभूळ जूनच्या सुमाराला पिकते आणि घाईत असते. त्याची साल पातळ, गर रसाळ. पडले की दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. त्याचे बी सुकले तर मरते, म्हणून त्याला पावसाच्या तोंडावरच जमिनीत जायचे असते. जांभूळ राखणीवर खर्च करत नाही, वेळ साधते. आवळ्याची रीत उलटी आहे. हिवाळ्यात तो फांदीवर आठवड्यामागून आठवडे लटकत राहतो. आंबट आणि तुरट असल्यामुळे त्याला सहसा कोणी लगेच तोंड लावत नाही आणि बुरशीही लवकर धरत नाही. पण ज्याला तो चालतो त्याची तो वाट पाहतो. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात चितळे आवळे गिळतात आणि पुढे रवंथ करताना त्याच्या आठळ्या दुसरीकडे टाकतात, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. उत्तर अमेरिकेच्या दलदलीत वाढणाऱ्या क्रॅनबेरीत बेन्झॉइक आम्ल निसर्गतःच असते. आपल्या सरबताच्या बाटलीवर जे सोडियम बेन्झोएट छापलेले असते ते त्याच आम्लाचे क्षार. क्रॅनबेरी आंबट-तुरट असते आणि खूप टिकते.

तेव्हा किती राखावे आणि किती द्यावे याचे एकच माप रानात नाही. पाहुणा किती दिवसांनी येणार आणि तोवर किती बुरशी दारात उभी आहे, यावर ते ठरते. जांभळाने आवळ्याला कंजूष म्हणू नये आणि आवळ्याने जांभळाला उधळे म्हणू नये.

मापाच्या बरोबरीने वेळेचाही प्रश्न आहे. करवंद कच्चे असताना त्यातून पांढरा चीक येतो, तोंड आंबते, दात शिवशिवतात. हा कच्चेपणा म्हणजे खोट नव्हे. बी अजून तयार झालेले नाही, म्हणून फळ 'अजून नाही' असे सांगत असते. फळांची पक्वता दिसू लागेपर्यंत त्यांची विक्री करू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही बजावल्याची हदीस आहे. तिच्यामागे व्यवहारातली फसवणूक टाळण्याचा हेतू आहे हे खरे. पण कच्च्या वस्तूला तिचा वेळ द्यावा हेही त्यातून कळते. आपल्या बाजारात मात्र आंब्याला कॅल्शियम कार्बाइडची पूड लावून रंग आणणारे आहेत. कायद्याने त्याला बंदी आहे, तरी हे प्रकार उघडकीस येत राहतात. असा आंबा वरून पिवळा आणि आत आंबट निघतो. एखाद्या समाजाला बाहेरून दरडावून 'आजच्या आज आधुनिक व्हा' म्हणणाऱ्यांनी हा आंबा कापून पाहावा. आणि ज्यांचे करवंद बी तयार झाल्यावरही चीकच गाळत बसले आहे, त्यांनी आपल्या करवंदाकडे पाहावे. 'अजून नाही' हे म्हणणे कच्च्याला शोभते. तेच जन्मभर म्हणत राहिले तर बी आतल्या आत मरते.

राखण कोणाविरुद्ध, हा यापुढचा प्रश्न, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे, पण त्यासाठी मूळ गावी जावे लागते. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आली आणि आज तिच्याशिवाय कोल्हापूरचा रस्सा कोणी कल्पू शकत नाही. तिचे रानटी भाऊबंद आजही अमेरिकेत उगवतात. मिरचीतले तिखट म्हणजे कॅप्सायसिन. सस्तन प्राण्यांच्या तोंडात उष्णतेची जाणीव करून देणारे एक प्रथिन असते. कॅप्सायसिन त्याला चिकटले की तोंड भाजल्यासारखे वाटते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये ओळखले आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा मोठा वाटा होता. पक्ष्यांमध्येही असे प्रथिन असते, पण त्यावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही. पोपटाला मिरची तिखट लागत नाही ती यामुळे.

जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी 2001 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या रानमिरच्यांबद्दल लिहिले. उंदरांसारखे प्राणी बिया दातांनी चावतात, त्यांच्या पोटातून गेलेले एकही बी त्या प्रयोगात रुजले नाही. पक्षी बिया न चावता गिळतात आणि त्या पुढे रुजतात. तिखटाने उंदीर अडतो, पक्षी अडत नाही. पुढे ट्यूक्सबरी आणि त्यांचे सहकारी बोलिव्हियात गेले. तिथे एकाच जातीच्या रानमिरचीची काही झाडे तिखट आणि काही बिनतिखट असतात. ढेकणाच्या जातीचे किडे फळाला सोंड खुपसतात आणि त्या भोकांतून फ्युसेरियम नावाची बुरशी आत शिरून बिया मारते. कॅप्सायसिन या बुरशीची वाढ मंदावते, आणि जिथे किड्यांचा उपद्रव जास्त तिथे तिखट झाडे जास्त, असे 2008 मध्ये त्यांनी दाखवले. मग सगळीच झाडे तिखट का झाली नाहीत? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्याचे एक उत्तर मिळाले. पाण्याची ओढ पडली की तिखट झाडांना बिनतिखट झाडांपेक्षा बऱ्याच कमी बिया धरतात. राखणीची किंमत लेकरांच्या संख्येतून वसूल होते. कोरड्या मुलखात, जिथे किडे आणि बुरशी कमी, तिथे ती किंमत परवडत नाही.

मिरचीची राखण शहाणी आहे, कारण ती निवड करते. बी नेणाऱ्याला ती वाट देते, बी चिरडणाऱ्याला आणि कुजवणाऱ्याला अडवते, आणि जिथे धोका नाही तिथे तिखटावर उधळपट्टी करत नाही.

इथे थांबून एक सावधगिरी घ्यायला हवी. फळाने यातले काहीही ठरवून केलेले नाही. हजारो पिढ्यांत जी झाडे तरली त्यांची ही रीत आहे. निसर्गात असे असते, म्हणून माणसाने असे वागावे, हा तर्क लंगडा आहे. त्या तर्काने दुबळ्याला चिरडण्याचेही समर्थन करता येते आणि तसे ते झालेलेही आहे. उपमेने प्रश्न नीट विचारता येतो. उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागते, आणि त्याची जबाबदारीही आपलीच असते.

ही सावधगिरी का हवी, ते आपल्या तकरीरींत हमखास ऐकू येणाऱ्या एका उपमेवरून कळेल. उघड्या मिठाईवर माश्या बसतात, झाकलेली स्वच्छ राहते, असे सांगून स्त्रियांना उपदेश केला जातो. ही उपमा ऐकताना आपण माना डोलावतो. तिच्यात स्त्री ही वस्तू झाली, पुरुष माश्या झाले आणि मिठाईचा मालक तिसराच कोणी झाला, हे आपल्या लक्षात येत नाही. रानातले फळ याहून बरे सांगते. त्याची साल त्याने स्वतः घडवलेली असते. खाणाऱ्याने किंवा राखणदाराने ती बाहेरून बांधलेली नसते. कधी कच्चे राहायचे आणि कधी पिकायचे हेही त्याच्या आतूनच येते. आणि खरे तर स्त्री फळही नाही. ती, आपल्या सगळ्यांसारखीच, विचार करणारी आणि अल्लाहपुढे स्वतःचा जाब स्वतः देणारी व्यक्ती आहे. आपण काय पांघरावे, कुठे शिकावे, कोणाशी बोलावे हे ती ठरवील, तेव्हाच त्या राखणीला काही नैतिक मोल येईल. लादलेल्या राखणीत फक्त राखणाऱ्याची सत्ता असते.

फळाच्या बाजूने आपण इतका विचार केला. खाणाऱ्याच्या बाजूने तो फार पूर्वी एका मुसलमान तत्त्ववेत्त्याने केला आहे. अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, ग्रॅनाडाच्या परिसरात जन्मलेला आणि 1185 साली मराकेशमध्ये वारलेला इब्न तुफैल हा वैद्य होता आणि तत्त्ववेत्ताही. 'हय्य इब्न यक्झान' या त्याच्या कथेत एक मूल निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढते आणि कोणी न शिकवता केवळ विचाराने सृष्टीचे आणि तिच्या कर्त्याचे ज्ञान मिळवते. मोठा झाल्यावर हय्यपुढे प्रश्न उभा राहतो: मी काय खावे? प्रत्येक जीवाला एक पूर्णता गाठायची असते. तो खाण्याने ती खुंटली तर कर्त्याच्या कामात आडकाठी केल्यासारखे होते. न खावे तर स्वतःचा देह खुंटतो. म्हणून तो नियम करतो. पुरते पिकलेले, बी तयार झालेले फळ आधी घ्यायचे. गर खायचा, पण बी खायचे नाही, नासवायचे नाही आणि खडकावर किंवा खाऱ्या जमिनीवर, म्हणजे जिथे ते उगवणार नाही तिथे, टाकायचे नाही.

बिया पसरवणाऱ्या प्राण्यांवर आधुनिक शास्त्राने काम सुरू केले त्याच्या कित्येक शतके आधी या लेखकाने खाणाऱ्याच्या कर्तव्याचा गाभा पकडला होता. पक्षी हे काम नकळत करतो. माणसाला ते जाणून करावे लागते, कारण त्याला दात आहेत आणि पर्यायही आहेत. गर ही आपली मजुरी आणि बी ही अमानत. मजुरी घेऊन अमानत खडकावर टाकणारा माणूस बुरशीच्याच रांगेत बसतो, मग तो कितीही स्वच्छ कपडे घालो.

आपल्या जमातीला हे कुठे लागू पडते ते सांगायला फार लांब जायला नको. पूर्वजांनी शाळांसाठी, मुसाफिरखान्यांसाठी, अनाथांसाठी जमिनी वक्फ केल्या. त्यांतल्या कितीतरी जमिनींचा गर कोणी कोणी खाल्ला आणि बी कुठेच रुजले नाही. खाणाऱ्यांत परके होते तसे आपलेही होते. आंब्यावरचा करपा ही बुरशी इथे आठवते. तिचा शिरकाव पुष्कळदा फळ कोवळे असतानाच होतो. ती सालीखाली गप्प बसून राहते आणि आंबा पिकू लागला की काळे डाग दिसू लागतात. आपली सगळी राखण कुंपणाबाहेर डोळे लावून बसली आणि सालीखाली काय आहे ते पाहिलेच नाही, तर राखण असूनही फळ हातचे जाते. जमातीच्या आत चिकित्सा करणाऱ्यांना 'फितूर' म्हणण्याची सवय आपल्याला महाग पडली आहे ती अशी.

नाशवंत वस्तूवर दुसऱ्याचा हक्क असतो का, हा प्रश्न फिकहच्या इमामांनीही विचारला होता. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा म्हणजे उश्र. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमिनीतून निघणाऱ्या थोड्या-फार सर्व उत्पन्नावर तो आहे, आणि त्यात न टिकणारी फळे-भाज्याही आल्या. त्यांचेच शिष्य इमाम अबू युसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी मात्र टिकाऊ उत्पन्न आणि पाच वसकांचे माप या अटी घातल्या. इमाम शाफई यांच्या मते फळांपैकी खजूर आणि द्राक्षे यांवरच ही जकात आहे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी. म्हणजे जांभूळ-फणसाचा प्रश्न आला की आपल्यातच दोन मते आहेत. दोन्ही मतांना आधार आहे आणि इथे आपल्याला निवाडा करायचा नाही. पण अबू हनीफांच्या मतातला एक नैतिक प्रश्न कायद्याच्या पलीकडेही विचारात घेण्यासारखा आहे. जे साठवता येत नाही त्यावरही कोणाचा हक्क असू शकतो. आपले तारुण्य, आपला वेळ, शिकवण्याची उमेद, शेजाऱ्याशी बोलण्याची संधी, यांतले काहीच कोठारात ठेवता येत नाही. ते टिकत नाही म्हणून त्याचा हिस्सा द्यायचा नाही, की ते टिकत नाही म्हणूनच आधी द्यायचा?

भाषेचे उदाहरण घेऊ. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, त्याला आता काही शतके झाली. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही 'मराठीत लिहून आपली ओळख पुसली जाईल' अशी भीती काहींच्या मनात होती आणि 'तुमची भाषा मराठी कशी?' असे विचारणारे बाहेर होते. भीती अगदीच खोटी होती असे नाही. दर भाषेत, दर बाजारात बुरशी असतेच. पण आईच्या सावलीत पडलेले बी सुरक्षित असते हा समज रानाने केव्हाच खोटा ठरवला आहे. आपल्या घरातले दुःख, आपल्या बाया-बापड्यांचे शहाणपण, आपली चेष्टामस्करी आणि आपला ईमान मराठीत गेला, तेव्हा तो ज्यांच्या अंगणात एरवी कधी पोचला नसता तिथे जाऊन रुजला. त्यात काही गर दुसऱ्यांनी खाल्ला. खाऊ दे. तो त्यासाठीच होता.

आता सुरुवातीच्या समजुतीकडे वळू. पिकणे आणि टिकणे एकत्र नांदत नाही, असे आपण धरून चाललो होतो. रमजानमध्ये रोज संध्याकाळी आपल्या हातात येणारा खजूर ही समजूत मोडतो. अरब लोक खजुराच्या अवस्थांना वेगवेगळी नावे देतात. हिरवा तो किमरी, रंग धरलेला पण कडक तो खलाल, मऊ आणि रसाळ तो रुतब आणि झाडावरच सुकत गेलेला तो तमर. खलाल बहुधा तुरट असतो, कारण त्यातले टॅनिन जिभेवर विरघळते. पिकताना तेच टॅनिन न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि तुरटपणा संपतो. रुतब सर्वांत मोहक, पण लवकर आंबतो. तमर त्याच्याही पुढे जातो. त्यातले पाणी कमी होते आणि वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर उरते. इतक्या साखरेत आणि इतक्या थोड्या पाण्यात बहुतेक जिवाणूंना आणि बुरशींना जगताच येत नाही. कच्चेपणी ज्याची राखण तुरटपणा करत होता, त्याची राखण आता गोडीच करते. आपली फणसपोळी, आंब्याचे साठ, मिठात घोळून वाळवलेले आमसूल, हे सगळे माणसाने त्याच वाटेने केलेले उपाय आहेत.

म्हणजे राखणे आणि देणे यांचे वैर कायमचे नाही. ते वैर कच्चेपणात असते, आणि तिथे ते योग्यही असते. पुरते पिकलेले माणूस आपल्या चांगुलपणानेच राखले जाते. त्यासाठी त्याला काहीतरी सोडावे लागते, खजुराला पाणी सोडावे लागते तसे. जमातीच्या बाबतीत ते सोडणे म्हणजे बहुधा फुगीरपणा सोडणे, इतिहासाचा आणि तक्रारीचा दोन्हींचा. मग जे उरते ते टिकते आणि कोणाच्याही हाती देता येते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत झाड लावणाऱ्याविषयी एक हदीस आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या शेताचे पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने खाल्ले तर ते त्याच्या नावे सदका म्हणून जमा होते, असा तिचा आशय आहे. त्यात पक्ष्याला विचारलेले नाही की तू कोणाचा, आणि झाडाच्या मालकाला विचारलेले नाही की तू परवानगी दिली होतीस का. तेव्हा यापुढे आपल्या बैठकीत एखादे दार उघडायचे की बंद ठेवायचे असा वाद निघेल, तेव्हा आपण तीन गोष्टी आधी विचारून घेऊ: ज्याला आपण अडवतो आहोत तो बी नेणारा आहे की बी मारणारा, आपले बी अजून कच्चे आहे की तयार होऊन वाट पाहत आहे, आणि ही साल ज्याची आहे त्याने ती स्वतः धरली आहे की आपण त्याच्यावर बांधली आहे. उत्तरे दर वेळी वेगळी येतील. पण निदान भांडण योग्य जागी होईल.